भारनियमन

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
टॉडमॉर्डनच्या जुन्या गिरणीत, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही अकरा जण डोळे मिटून बसतो.
खाली आता सायकली विकतात.
लाकडी तक्तपोशीत अजून तेल मुरलेलं,
हीटर तापला की वास वर येतो
आणि चाळीस मिनिटांच्या मौनात
मी पहिल्याच मिनिटाला इचलकरंजीत पोचते.

ग्लेनिस सांगते, विचार आला तर घाबरू नका.
आतली गाठ सुटते आहे,
जुना ताण जळताना निघणारा धूर, तो विचार.
तिला हे एकाहत्तर साली कळलं,
प्रेस्टनच्या एका हॉटेलात,
दोन संत्री आणि एक कोरा रुमाल घेऊन गेली होती.
माझ्या डोक्यात आत्ता चाललेली भेंडीची भाजी
कुठल्या सालचा धूर,
ते मी विचारलं नाही.

डेरेक, निवृत्त पोस्टमन, आधी झेनवाल्यांकडे जायचा.
त्याचं म्हणणं, सुटतबिटत काही नाही.
ढग येतो, ढग जातो, आपण आभाळ.
अरे डेरेक, तुझ्या या खोऱ्यात
ढग येतो तो चार दिवस मुक्कामाला येतो,
वाळत घातलेले कपडे बघून बसतो.
तो हसला. म्हणाला, तेही आभाळच.

दिवसभर मी बर्नलीच्या हॉस्पिटलात कान तपासते.
नव्वदीच्या गिरणीवाल्या बाया येतात.
काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवते:
ऐकू आलं की बटण दाबा.
मी काही वाजवायच्या आतच त्या दाबतात.
एडना होल्ड्सवर्थ म्हणाली, पोरी,
माग साठ वर्षांमागे बंद झाले,
माझी रात्रपाळी अजून सुटलेली नाही.
विचार म्हणजे काय
याची मला पटलेली ही एकच व्याख्या.

बाबा जॉबर होते. चोवीस माग, एका पत्र्याखाली.
घरी आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो
आणि ते, ओरडू नका म्हणून ओरडायचे.
ध्यान, समाधी असले शब्द
त्यांनी कधी तोंडात घेतले नाहीत.
ताणा म्हणजे उभा धागा, एवढं शिकवलं.
फार ओढला तर तुटतो.
ढिला सोडला तर कापडाला पोट सुटतं.

आठवड्यातून एकदा भारनियमन.
त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते.
चोवीस माग एका दमात थांबले,
धोटा जिथे होता तिथेच.
बाकीचे बिड्या ओढायला बाहेर गेले,
बाबा उभेच, हात फणीवर, डोळे उघडे.
कापसाचा भुगा हवेतून खाली येत होता,
इतका सावकाश, की त्याला यायचंय की नाही कळेना.
मी हाक मारली नाही.
"ऐकू येतंय," ते म्हणाले,
हळू.
त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.
काय ऐकू येतंय, ते सांगितलं नाही.
मग वीज आली.

ग्लेनिस म्हणते, पोचलेल्या माणसाची ती शांतता
माग चालू असतानाही जात नाही.
तू पोचलीस का, मी विचारलं.
पन्नासच्या वर वर्षं झाली.
ती म्हणाली, झोप चांगली लागते.
मग बाबांबद्दल सांगताना
भारनियमनला मी पॉवर कट म्हटलं.
शब्दातला भार तिकडेच राहिला.

निघताना ती मेन स्विच खाली ओढते
आणि कोपऱ्यातला फ्रिज थांबतो.
तोवर तो घरघरत होता
हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.
जिन्यात अंधार.
डेरेकचा एक हातमोजा सापडत नाहीये,
आम्ही सगळे पायांनी शोधतो आहोत.